कोसुमेलमध्ये केव्हा जेवावं?

मेक्सिकोच्या कोसुमेल बेटावर दुपारी दोन वाजता कोचिनिता पिबिल मागितली, तर साध्या खानावळीत बहुधा एकच उत्तर मिळतं: संपली. संध्याकाळी सात वाजता सेविचे खायला निघालं, तर मासळीच्या चांगल्या खानावळीचं शटर खाली आलेलं असतं. आणि सकाळी दहाला पानुचो हवा असेल, तर तो करणारी बाई अजून घरीच असते. पर्यटक यातून निष्कर्ष काढतो की या गावात खायला फारसं काही नाही, आणि धक्क्यासमोरच्या इंग्रजी मेनूच्या हॉटेलात जाऊन बसतो. तिथे दिवसभर सगळं मिळतं. स्थानिक जेवण मात्र वेळापत्रकाप्रमाणे चालतं. कुठला पदार्थ कुठल्या प्रहरी, कुठल्या वारी आणि कुठल्या महिन्यात, हे एकदा कळलं की हेच गाव चवींनी भरलेलं दिसू लागतं.

बेट तसं लहान आहे. सुमारे पंचेचाळीस किलोमीटर लांब, पंधरा किलोमीटर रुंद. युकातान द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्लाया देल कार्मेनहून बोटीने पाऊण तासात इथे पोचता येतं. ऐंशी हजारांहून अधिक लोकवस्ती आहे, आणि ती जवळजवळ सगळी पश्चिम किनाऱ्यावरच्या सान मिगेल या एकाच गावात. १९६१ च्या सुमारास फ्रेंच सागरसंशोधक जाक कुस्तो यांच्यामुळे इथल्या प्रवाळांची कीर्ती पसरली, असं सांगतात. पाणबुडे आले, मग क्रूझ जहाजं आली. आज कोसुमेल जगातल्या सर्वांत गजबजलेल्या क्रूझ बंदरांपैकी एक आहे. जहाजाचा प्रवासी सकाळी उतरतो आणि बहुतेकदा संध्याकाळच्या आत परत चढतो. समुद्रालगतच्या राफाएल मेल्गार रस्त्यावरची हॉटेलं त्याच्या घड्याळावर चालतात, आणि त्यांच्या मेनूवरचे भाव अनेकदा डॉलरमध्ये असतात.

गावाचं घड्याळ त्या रस्त्यामागे आहे. सान मिगेलची आखणी चौकटीची आहे. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या रस्त्यांना पाच, दहा, पंधरा, वीस असे पाचाच्या पाढ्याने क्रमांक दिलेले आहेत, त्यामुळे हरवणं कठीण. समुद्राकडे पाठ करून दहा क्रमांकाचा रस्ता ओलांडला की मेनू हळूहळू स्पॅनिश होतो, भाव पेसोत येतात. वीस आणि पंचवीसच्या मधे नगरपालिकेचा बाजार लागतो. तिथे फळं, मासळी, मांस यांच्या गाळ्यांबरोबर छोट्या खानावळी आहेत. तीस क्रमांकाच्या रस्त्यापर्यंत गेलात तर आजूबाजूला बसलेले लोक हॉटेलांतले कामगार, टॅक्सीवाले, शाळेतून मुलांना घेऊन आलेल्या आया असे असतात.

इथलं जेवण सरसकट ‘मेक्सिकन’ नाही, ते युकातानचं आहे. त्याला इतिहासाचं कारण आहे. स्पॅनिश आले तेव्हा कोसुमेल हे माया लोकांचं तीर्थक्षेत्र होतं. इश्चेल या देवीच्या दर्शनाला मुख्य भूमीवरून होड्यांतून लोक येत. १५१९ मध्ये एर्नान कोर्तेस इथे थांबून पुढे गेला. त्यानंतर देवी रोगाच्या साथीने बेटाची वस्ती जवळजवळ पुसली गेली. मग १८४७ मध्ये युकातानात माया शेतकऱ्यांनी बंड केलं. ते युद्ध अनेक दशकं चाललं, आणि त्यापासून पळालेल्या कुटुंबांनी १८४८ मध्ये या ओस बेटावर पुन्हा गाव वसवलं. त्यांनी येताना आपली चूलही आणली. म्हणून कोसुमेलच्या ताटाचं नातं मेक्सिको सिटीपेक्षा मेरिदा आणि वायादोलिद या युकातानी शहरांशी जवळचं आहे.

त्या चुलीवरचा मानाचा पदार्थ म्हणजे कोचिनिता पिबिल. डुकराच्या मांसाला आचिओतेचं वाटण आणि आंबट संत्र्याचा रस लावायचा, केळीच्या पानांत गुंडाळायचं, जमिनीत खड्डा खणून तापवलेल्या दगडांवर ठेवायचं आणि वरून माती लोटून रात्रभर सोडून द्यायचं. आचिओते म्हणजे आपल्याकडची शेंद्री. बाजारातल्या पिवळ्या लोण्याच्या वेष्टनावर ‘अनाटो’ असा जो रंग लिहिलेला असतो, तो याच बियांचा. आपण तिचा फक्त रंग घेतला, युकातानने तिचा मसाला केला. बिया लसूण, मिरी, ओरेगानो यांच्याबरोबर वाटून विटेच्या रंगाचा गोळा बनवतात. बाजारात तो तसाच विकत मिळतो.

या एका पदार्थात दोन जगं एकत्र आली आहेत. शेंद्री आणि जमिनीतली भट्टी मायांची. डुक्कर स्पॅनिश लोकांनी आणलं. आंबट संत्रं आणि केळ मूळची आशियातली, तीही त्यांच्याच जहाजांतून आली. स्पॅनिश येण्याआधी या भट्टीत हरीण, टर्की यांचं मांस जात असे.

आता वेळेचं कोडं सुटतं. भट्टी रात्री लागते, म्हणून मांस पहाटे तयार होतं. ते न्याहारीला, मऊ पावात किंवा मक्याच्या पातळ भाकरीत, म्हणजे तोर्तियात, वर संत्र्याच्या रसात मुरवलेला जांभळा कांदा घालून खायचं. शहरातल्या खानावळी आता खड्ड्याऐवजी ओव्हन वापरतात, पण सवय बदललेली नाही. सकाळी सातपासून विक्री सुरू होते आणि दुपार होता होता पातेलं रिकामं होतं. रविवारी तर घराघरांत कोचिनिता बाहेरून आणतात, त्यामुळे ती आणखी लवकर संपते. उरलेलं दुसऱ्या दिवशी विकायचं नाही, हा चांगल्या विक्रेत्याचा नियम. ‘संपली’ हे उत्तर म्हणजे त्या जागेचं प्रशस्तिपत्रच आहे.

तोर्तियाचंही असंच. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजत ठेवतात, सकाळी धुऊन दळतात. पानाला लावतात तोच चुना. त्याने दाण्याचं साल सुटतं, पीठ लाटण्याजोगं चिकट होतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकतं. मका अमेरिकेतून युरोपात गेला, पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. परिणामी मक्यावरच जगणाऱ्या इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांना पेलाग्रा रोगाने ग्रासलं. मेक्सिकोत हजारो वर्षं मका खाऊनही तो रोग असा पसरला नव्हता. कोसुमेलच्या गल्लीत तोर्तियांच्या यंत्राचा खडखडाट ऐकू आला की थांबून पाहावं. किलोच्या भावाने गरम तोर्तिया विकत घेऊन लोक घरी जेवायला निघालेले असतात. चांगल्या खानावळीत तोर्तिया कापडात गुंडाळून टोपलीतून येतात.

दिवसाचं मुख्य जेवण दुपारचं, आणि तेही दोन ते चारच्या दरम्यान. बारा वाजता भूक लागणाऱ्या पाहुण्याला हे जड जातं. या वेळी कोसिना एकोनोमिका नावाच्या साध्या खानावळींत जावं. इथे छापील मेनू नसतो, फळ्यावर दिवसाचे दोन-चार पदार्थ लिहिलेले असतात. ठरलेल्या रकमेत सूप, भात किंवा शेवया, एक मुख्य पदार्थ, तोर्तिया आणि पेल्यातलं सरबत मिळतं. सूप म्हणून सोपा दे लीमा मिळालं तर सोडू नये. कोंबडीच्या पातळ रश्शात तिथल्या खास लिंबाचा सुगंध आणि वर तळलेल्या तोर्तियाच्या कुरकुरीत पट्ट्या. उन्हाळ्यात उकडत असतानाही लोक ते गरमागरम पितात. पोक चुक म्हणजे आंबट संत्र्याच्या रसात मुरवून निखाऱ्यावर भाजलेले डुकराच्या मांसाचे पातळ काप. तेही दुपारचंच.

सरबतांची यादी आपल्या ओळखीची निघते. चिंचेचं, लाल अंबाडीच्या बोंडांचं, तांदूळ आणि दालचिनीचं. चाया या हिरव्या पानांचं, अननस-लिंबू घातलेलं सरबत मात्र युकातानचं वैशिष्ट्य. बर्फाची भीती बाळगण्याचं कारण सहसा नसतं. बेटावर नदी नाही, जमीन सच्छिद्र चुनखडीची. पिण्याचं पाणी घरोघरी वीस लिटरच्या शुद्ध पाण्याच्या बाटल्यांतून येतं, आणि खानावळींतला बर्फही शुद्ध पाण्याच्या कारखान्यातून. हा बर्फ मधे भोक असलेल्या नळकांडीच्या आकाराचा असतो, त्यावरून तो ओळखता येतो.

वारांचंही गणित आहे. युकातानात सोमवार म्हणजे फ्रिहोल कोन पुएर्को: काळ्या घेवड्याबरोबर शिजवलेलं डुकराचं मांस, सोबत भात, चिरलेला मुळा, कोथिंबीर, लिंबू आणि टोमॅटोची भाजलेली चटणी. सोमवारी कपडे धुण्याचा दिवस, चुलीवर ठेवून विसरता येईल असं काहीतरी हवं, असं त्याचं कारण सांगतात. कारण काहीही असो, आजही सोमवारी फळ्यावर तो पदार्थ दिसतोच, मंगळवारी दिसेलच असं नाही.

सेविचे दुपारचंच का, याचं उत्तर मासेमारीत आहे. सेविचे म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा. त्या रसाने माशाचं मांस पांढरं होतं, शिजल्यासारखं दिसतं. पण आम्लाने फक्त प्रथिनांची रचना बदलते, उष्णतेने मरतात तसे सगळे जंतू त्याने मरत नाहीत. म्हणजे ताजेपणाला पर्याय नाही. सकाळी आलेला मासा दुपारी संपवायचा आणि पाच-सहाला दुकान बंद करायचं, हा शहाणपणा आहे. रात्री दहालाही सेविचे मिळत असेल, तर ते कुणासाठी ठेवलं आहे याचा विचार करावा.

समुद्राचं वेळापत्रक तर महिन्यांचं आहे, आणि ते कायद्याने ठरलेलं आहे. कॅरिबियन शेवंडीची, म्हणजे लांगोस्ताची, पकड १ मार्च ते ३० जून बंद असते. हा तिच्या प्रजननाचा काळ. या चार महिन्यांत ताटात येणारी शेवंड नियमाने पकडलेली असेल तर ती आधी गोठवून ठेवलेली असते. हेकरू या माशाला फेब्रुवारी-मार्चमध्ये बंदी. युकातानच्या ऑक्टोपसचा हंगाम १ ऑगस्ट ते १५ डिसेंबर. गुलाबी शंखातल्या गोगलगायीवर तर अतिमासेमारीमुळे वर्षातला मोठा काळ बंदी असते. १९९२ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आहे. तिचं सेविचे बारमाही मिळत असेल तर न मागितलेलं बरं.

याउलट एक मासा कितीही खाल्ला तरी पुण्यच लागतं. पेस लेओन, म्हणजे सिंहमासा. हा मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातला. अमेरिकेच्या किनाऱ्यावर तो बहुधा मत्स्यालयांतून सुटला, आणि २००९ च्या सुमारास कोसुमेलच्या प्रवाळांत दिसू लागला. या पाण्यात त्याला खाणारा शत्रू जवळजवळ नाही, आणि तो मात्र प्रवाळातली लहान मासळी फस्त करतो. त्याच्या काट्यांत विष असतं, मांसात नसतं. म्हणून इथले पाणबुडे भाल्याने त्याची शिकार करतात आणि काही खानावळी तो टाकोत, सेविचेत घालतात. पांढरं, सौम्य मांस. स्थानिक मासाच हवा असेल तर तिकिन शिक मागावं: उभा चिरलेला अख्खा मासा, बहुधा बोकिनेते, शेंद्रीचं वाटण लावून केळीच्या पानावर निखाऱ्यावर भाजलेला. शेजारच्या इस्ला मुहेरेस या बेटाचीही हीच ओळख आहे. अख्खा मासा वजनावर विकतात, म्हणून आधी मासा पाहावा, वजन आणि किंमत विचारावी, मग होकार द्यावा.

बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर घड्याळ सूर्याच्या हातात आहे. तिकडे वस्ती नाही, विजेच्या ताराही पोचलेल्या नाहीत. झावळ्यांच्या छपराखालची मोजकी उपाहारगृहं जनित्रावर किंवा सौर पट्ट्यांवर चालतात आणि अंधार पडायच्या आत आवरतात. कार्ड तिथे चालेलच असं नाही, रोख पेसो जवळ ठेवावेत.

सूर्य मावळला की गावातली दुसरी पाळी सुरू होते. दुपारी बंद असलेल्या दारांसमोर कढया लागतात. पानुचो म्हणजे तोर्तियाच्या पोटात काळ्या घेवड्याचं वाटण भरून तळलेला प्रकार. सालबुते त्याचा न भरलेला भाऊ, ताज्या पिठाचा, तेलात पुरीसारखा फुगणारा. दोन्हींवर टर्कीचं किंवा कोंबडीचं सुटं केलेलं मांस, कोबी, टोमॅटो, जांभळा कांदा. दोन-तीन खाल्ले की रात्रीचं जेवण झालं, कारण रात्री इथे हलकंच खातात. याच वेळी कोपऱ्यावर उभ्या सळीला मसालेदार मांस फिरू लागतं, त्याचे पातळ काप छोट्या तोर्तियात पडतात. हा टाको आल पास्तोर. त्याचं मूळ लेबनॉनहून आलेल्या स्थलांतरितांच्या शावर्मात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लेबनीज कुटुंबं युकातानातही आली. त्यांचे किब्बे, म्हणजे दलिया आणि खिम्याचे तळलेले गोळे, इथे किबी झाले, त्यांच्याबरोबर तिखट कांदा आला आणि ते गाडीवर विकले जाऊ लागले.

चौकात मार्केसितांची गाडी असते. साच्यात भाजलेली पातळ, गोडसर, कुरकुरीत पोळी गुंडाळून देतात. आत चॉकलेट किंवा कॅरॅमल, आणि त्यावर किसलेलं डच एडाम चीज! युकातान जेव्हा हेनेकेन या घायपाती वर्गातल्या झाडाचा दोर जगाला विकत होता, तेव्हा युरोपशी जहाजांची ये-जा वाढली आणि लाल मेणातला चीजचा गोळा इथल्या स्वयंपाकघरात कायमचा राहिला. गोड-खारट जोडी पहिल्या घासाला विचित्र लागते, दुसऱ्याला नाही.

तिखटाबद्दल मराठी माणसाला आत्मविश्वास असतो. तो इथे जरा जपून वापरावा. युकातानचा आबानेरो आपल्या रोजच्या मिरचीच्या जातीचा नाही, तो ईशान्येतल्या भूत जोलोकियाच्या गोतातला. तिखटपणाच्या स्कोव्हिल मापावर हालापेन्यो मिरची आठ हजारांपर्यंत जाते, आबानेरो एक लाखापासून साडेतीन लाखांपर्यंत. २०१० मध्ये युकातान द्वीपकल्पाच्या आबानेरोला मेक्सिकोत भौगोलिक ओळखीचं संरक्षण मिळालं. गंमत अशी, की इथले पदार्थ स्वतः तिखट नसतात. तिखट वाटीत वेगळं येतं आणि ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर घ्यायचं असतं. हिरवी चटणी सौम्य आणि लाल तिखट असा समज करून घेऊ नये. फिकट केशरी, निरुपद्रवी दिसणारी वाटी सर्वांत जहाल असू शकते.

शाकाहाऱ्याने थोडा अभ्यास करून जावं. मांस नको म्हटलं तरी घेवडा डुकराच्या चरबीत, म्हणजे मानतेकात, परतलेला असू शकतो आणि भात कोंबडीच्या रश्शात शिजवलेला. म्हणून ‘सिन मानतेका’ आणि ‘सिन काल्दो दे पोयो’ हे दोन तुकडे पाठ करावेत: चरबी नको, कोंबडीचा रस्सा नको. हॅम हे अनेकांच्या लेखी मांस नसतंच, ते वेगळं नाकारावं. सिकिल पाक ही भोपळ्याच्या बिया आणि टोमॅटोची चटणी निर्धास्त खावी. अंडं चालत असेल तर पापाद्सुल घ्यावेत, तोर्तियात उकडलेलं अंडं आणि वर भोपळ्याच्या बियांचं हिरवं वाटण. बाजारात पपई, पेरू, अननस आणि हंगामात चिकूही. चिकूचं झाड याच भागातल्या जंगलांतलं. त्याच्या चिकातून च्युइंगगम होई, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या चिकाच्या व्यापारात कोसुमेलचं बंदर होतं. डहाणू-घोलवडच्या बागांचे पूर्वज इथले.

जेवण झाल्यावर मात्र घाई नाही. मागितल्याशिवाय बिल आणून ठेवणं इथे उद्धटपणा समजतात. ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हटल्यावरच ते येतं. मेनूवरच्या किमतीत १६ टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असला पाहिजे, असा कायदा आहे. बक्षिसी ऐच्छिक, पण दहा ते पंधरा टक्के ठेवण्याची रीत. काही ठिकाणी ती बिलातच धरलेली असते, म्हणून आधी वाचावं. कार्डाच्या यंत्राने डॉलर की पेसो असं विचारलं तर पेसो निवडावं, डॉलरचा दर दुकानाच्या बँकेच्या सोयीचा असतो.

दिवसभरासाठी येणाऱ्याला कोसुमेलच्या जेवणाचा फक्त मधला तुकडा मिळतो. सकाळची कोचिनिता त्याच्या बोटीआधी संपत आलेली असते, पानुचोची कढई तो गेल्यावर तापते. म्हणून जमलं तर शनिवारी संध्याकाळी उतरावं, त्या रात्री पानुचो, रविवारी लवकर उठून कोचिनिता, दुपारी सेविचे. आणि परतीची बोट सोमवारची, घेवडा-भाताचं जेवण झाल्यानंतरची धरावी.